दिंडीचा वेग

पनवेल मागे पडलं की पळस्पे फाट्यावर रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक शिरढोण, कर्नाळा, तारा, पेण करत कोकणातून गोव्याकडे जातो. दुसरा शेडुंग, चौक, खालापूर करत खोपोलीला पोचतो आणि बोरघाट चढून देशावर जातो. कार्तिकात या दुसऱ्या रस्त्याच्या कडेनं भगव्या पताका चालताना दिसतात. पुढे पताकावाले, मग गळ्यात टाळ अडकवलेले वारकरी, मधे वीणा, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया आणि सगळ्यांच्या मागून सामानाचा टेम्पो. रायगड, ठाणे, मुंबईकडच्या दिंड्या आळंदीला निघालेल्या असतात. द्रुतगती मार्गावर पायी चालायला बंदी आहे, म्हणून ही सारी वाटचाल जुन्या महामार्गावरून होते.

देशावरचा वारकरी आषाढीला पंढरपूर गाठतो. कोकणातल्या शेतकऱ्याला ते जड जातं, कारण आषाढात त्याची भातलावणी ऐन भरात असते. कार्तिकापर्यंत भात कापून, झोडून झालेलं असतं. त्यामुळे कार्तिक वद्य एकादशीची आळंदीची यात्रा आणि त्रयोदशीचा ज्ञानेश्वर महाराजांचा समाधी सोहळा त्याच्या शेतीच्या वेळापत्रकात बरोबर बसतो. पनवेलहून आळंदी शंभरेक किलोमीटर, मधे एक घाट. दिवस लहान झालेले, आणि लोणावळ्याच्या बाजूला पहाटे बोटं आखडतील एवढी थंडी.

अशा दिंडीत साठी ओलांडलेला शेतकरी असतो, कारखान्यात रजा टाकून आलेला फिटर असतो, सुनेच्या हाती घर सोपवून निघालेली आजी असते आणि तिच्याबरोबर, निम्म्या मनानं आलेला, कॉलेजातला नातूही असतो. एकाला पहाटे चारला आपोआप जाग येते, दुसऱ्याचा डोळा सातशिवाय उघडत नाही. एकाला चहात साखर लागते, दुसऱ्याला डॉक्टरांनी ती बंद केलेली. कोणी घोरतं, आणि ज्याला घोरणं अजिबात चालत नाही त्याची वळकटी नेमकी त्याच्याच शेजारी पडते. घरी यातल्या प्रत्येकाच्या आवडीनिवडी घरच्यांना पाठ असतात आणि बहुतेक सांभाळल्याही जातात. इथे शंभर-दीडशे माणसं चार-पाच दिवस एकत्र चालतात, एकत्र जेवतात, एकाच शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळाच्या सभामंडपात झोपतात. हे निभतं कसं?

सहज सुचणारं उत्तर म्हणजे भक्ती. मला ते अपुरं वाटतं. भक्ती माणसाला उंबऱ्याबाहेर काढते, यात शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पायाला फोड आलेले असताना, आमटी पाणचट झालेली असताना आणि झोपायला भिंतीकडची जागा दुसऱ्यानं पटकावलेली असताना भक्तीवर फार भार टाकू नये. तिथे कामाला येते ती व्यवस्था. निघायच्या आधी ठरलेली, सगळ्यांना ठाऊक असलेली आणि रोज नव्यानं वाद घालायला जागा न ठेवणारी.

या व्यवस्थेचा पाया भिशी. दिंडीत येणाऱ्यानं ठरलेली रक्कम भरायची, काहींनी वर धान्यही द्यायचं, आणि मग जेवणाची चिंता दिंडीची. आचारी आणि त्याचे मदतनीस टेम्पोतून पुढच्या मुक्कामी आधी पोचतात. पंगत बसते, वाढपी वाढत जातात. आज काय हवं, असं कोणी कोणाला विचारत नाही. ही विचारपूस नसणं सुरुवातीला रुक्ष वाटतं. पण शंभर माणसांना ‘काय करू?’ असं विचारलं तर शंभर उत्तरं येतात आणि त्यातली नव्याण्णव दुखावली जातात. मुळात न विचारण्यानं कोणाचीच आवड नाकारली जात नाही, ती चर्चेलाच येत नाही. वाटेत गावोगावी लोक चहा, केळी, वडापाव, लाडू घेऊन उभे असतात. तिथे ज्याला जे हवं ते मिळतं, आणि आवडीनिवडींचा दाब तेवढ्यापुरता बाहेर पडतो. पंगतीत मात्र एकच पातेलं.

वेगाची गोष्ट जेवणापेक्षा अवघड आहे, कारण तिचा संबंध थेट शरीराशी आहे. एक किलोमीटर चालायला किती ऊर्जा लागते हे वेगावर अवलंबून असतं, आणि या संबंधाचा आलेख काढला तर तो मधे खोलगट निघतो. ताशी साधारण साडेचार-पाच किलोमीटरच्या आसपास खर्च सर्वांत कमी. झपाझप चाललं तर खर्च वाढतो हे सगळ्यांना कळतं, पण फार हळू चाललं तरी तो वाढतो, हे चटकन लक्षात येत नाही. प्रत्येकाचा हा सर्वांत स्वस्त वेग थोडा निराळा असतो: पायाची लांबी, वजन, वय यांवर ठरणारा. मोकळं सोडलं तर माणूस नकळत आपल्या त्या वेगाला येतो. म्हणजे लांब ढांगांचा तरुण आजीच्या चालीनं चालतो तेव्हा तो खरोखर जास्त दमतो. ‘हळू चालल्यानं माझे पाय जास्त दुखतात’ ही त्याची तक्रार नखरा म्हणून उडवून लावण्यासारखी नाही.

तरीही माणसं हा खर्च सोसतात. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल पॅसिफिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये याची एक छोटी मोजणी प्रसिद्ध केली. पुरुष एकटे कसे चालतात आणि मैत्रिणीबरोबर, मित्राबरोबर कसे चालतात, हे त्यांनी पाहिलं. प्रेयसीबरोबर चालताना पुरुषांनी आपला वेग सुमारे सात टक्क्यांनी कमी केला. दोघांसाठी हे ठीक आहे. शंभरांसाठी कोणी कोणासाठी किती कमी करायचं?

दिंडीनं हा प्रश्न माणसांच्या हातातून काढून टाळ-पखवाजाच्या हाती दिला आहे. भजन चालू असतं, टाळांचा ठेका चालू असतो, पाऊल ठेक्यावर पडतं. वेग कोणा एकाचा राहत नाही. आपल्याला आजीसाठी थांबावं लागतंय असं तरुणाला वाटत नाही आणि आपल्यामुळे सगळे खोळंबले असं आजीला वाटत नाही. दोघंही ठेक्याबरोबर चालत असतात. यातला दुसरा फायदा अलीकडे प्रयोगानंही दिसला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या स्कॉट विल्टरमुथ आणि चिप हीथ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही गटांना एकत्र पाऊल टाकत चालायला लावलं, काहींना नुसतंच चालायला सांगितलं. नंतर पैशांचा एक खेळ दिला, ज्यात इतरांवर भरवसा ठेवला तर सगळ्यांचा फायदा होत होता. पाऊल जुळवून चाललेल्या गटांनी एकमेकांशी अधिक सहकार्य केलं. सैन्यातल्या कवायतीचा बंदुकीच्या लढाईत प्रत्यक्ष उपयोग उरला नाही तरी ती टिकली, यामागे इतिहासकार विल्यम मॅकनील यांनी हेच कारण दिलं होतं. वारकऱ्यांना हे सांगायला गेलं तर ते ‘बरं, माउली’ म्हणतील आणि चालू लागतील.

गाण्यातही स्वतःची निवड फारशी नसते, हे मला सगळ्यात कुतूहलाचं वाटतं. एखाद्याचा गळा चांगला आहे, त्याला एखादा अभंग जिवापाड आवडतो, म्हणून तो हवा तेव्हा म्हणता येत नाही. वारीच्या भजनाचा क्रम परंपरेनं लावून दिलेला आहे. पहाटे काकडा, मग भूपाळ्या, वासुदेव, गवळणी, दुपारनंतर हरिपाठ, आणि सोमवार ते रविवार त्या त्या वाराचे अभंग ठरलेले. गाणाऱ्याची हौस या क्रमातच भागवायची. नामांकित गवयालाही दिंडीत शिरल्यावर ‘आज माझ्या मनात अमुक आहे’ असं म्हणायची सोय नाही.

आणि जिथे सोय नाही तिथे कुरकुर असतेच. पाणी मिळालं नाही, टँकर दुसऱ्याच दिंडीकडे गेला, चालण्याच्या क्रमात मागची दिंडी पुढे घुसली. आषाढीच्या मोठ्या पालखी सोहळ्यात या कुरकुरीसाठी एक अफलातून सोय आहे. आळंदीची पालखी आजच्या रूपात आणली ती साताऱ्याकडच्या आरफळच्या हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. रथापुढे २७ दिंड्या आणि मागे त्याच्या कितीतरी पट, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीची जागा ठरलेली. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर पालखी आली की सगळ्या दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप वर करून हाळी देतो आणि सगळे टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीची तक्रार असेल ती आपले टाळ वाजवतच राहते. चोपदार त्या दिंडीकडे जातो, काय झालं ते ऐकतो, तिथल्या तिथे निवाडा होतो किंवा आश्वासन मिळतं. मग ते टाळ थांबतात. सगळीकडे शांत झाल्यावर हरवल्या-सापडल्याची आणि उद्याच्या वेळांची घोषणा होते, आणि समाजआरती. तक्रार शिल्लक असेल तर आरती खोळंबते.

या पद्धतीत दोन गोष्टी सांभाळल्या जातात. तक्रार दिंडीनं करायची असते. एकट्या माणसानं चोपदाराचा हात धरून ‘मला जागा नीट मिळाली नाही’ असं म्हणायचं नसतं. त्याला आधी आपल्या दिंडीला पटवावं लागतं, आणि तेवढ्यात बऱ्याच तक्रारी गळून पडतात. दुसरं असं की, तक्रारीला रोजची एक वेळ आहे. दिवसभर चालताना ती मनात ठेवता येते, कारण संध्याकाळी ती ऐकली जाणार हे ठाऊक असतं. ‘कुरकुर करू नका’ असं बजावणाऱ्या सहलप्रमुखांनी हे एकदा पाहून यावं.

पण या सगळ्याचं कौतुक करताना एक जुनं निरीक्षण विसरून चालणार नाही. इरावती कर्वे विसाव्या शतकाच्या मध्यावर वारीबरोबर चालल्या आणि त्यांनी ‘परिपूर्ती’ या संग्रहातल्या ‘वाटचाल’ या लेखात तो अनुभव लिहिला. एकाच दिंडीतले लोक दिवसभर एकत्र गात होते, एकत्र चालत होते. जेवायची वेळ झाली की ब्राह्मणांची चूल वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. कर्व्यांना ते लागलं. त्या स्वतः मराठा बायकांच्या पंगतीत जाऊन जेवल्या आणि त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळेपणानं वागू लागल्या, असं त्यांनी नोंदवलं आहे. आवड बाजूला ठेवा म्हणताना कोणती आवड मोजायची, हा प्रश्न इथे उभा राहतो. चहात साखर हवी-नको ही आवड म्हणून ओळखू येते. पण ‘आमच्यात असं चालत नाही’ हे वाक्य आवडीसारखं दिसत नाही, नियमासारखं दिसतं. बहुतेक गटांत सगळ्यात शेवटी सुटतात त्या अशा नियमाचा वेश घेतलेल्या आवडी.

दांडीयात्रेत गांधींनी ही गाठ निघण्याआधीच सोडवायचा प्रयत्न केला होता. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेल्या तुकडीत गांधींबरोबर ७८ जण होते. त्यांत महाराष्ट्रातले १३. कच्छचे, केरळचे, पंजाबचे, संयुक्त प्रांतातले, आणि प्रत्येकाची जेवणाची सवय निराळी. वाटेतल्या गावांनी पाहुणचाराची चढाओढ लावली असती हे उघड होतं. म्हणून गांधींनी आधीच गावांना उद्देशून सूचना छापल्या. शिधा कोरडा द्या, आम्ही शिजवून घेऊ. गोड पदार्थ मुळीच करू नका. भाजी नुसती उकडलेली, तेल-तिखट-मसाला नको. सकाळी निघण्याआधी राब आणि ढेबरं, दुपारी भाकरी, भाजी आणि ताक किंवा दूध, संध्याकाळी निघण्याआधी चणे-कुरमुरे, रात्री खिचडी, भाजी, ताक. तुपाचं मापही दिलेलं: माणशी दिवसाला तीन तोळ्यांपेक्षा जास्त नको. स्वतःसाठी शेळीचं दूध, खजूर किंवा मनुका आणि लिंबं लागतील, हेही त्यांनी त्याच सूचनांत लिहिलं.

ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे. पुढाऱ्याला वेगळं काही लागतं तेव्हा तो सहसा ते गुपचूप मिळवतो, आणि दोन दिवसांत सगळ्यांना कळतं. गांधींनी आपली सवलत छापून टाकली. तिच्यावर ज्याला टीका करायची त्यानं खुशाल करावी, आणि पुढे सरोजिनी नायडूंनी गांधींच्या साधेपणाच्या खर्चाची थट्टा केलीच. पण लपवाछपवीचा आरोप कोणाला करता आला नाही.

तरी नियम ढासळला. सूरत जिल्ह्यात शिरल्यावर लोकांचं प्रेम आवरेना. २९ मार्चला भाटगाम इथे गांधींनी भर सभेत सहकाऱ्यांना आणि स्वतःलाही फैलावर घेतलं. सुरतेहून मोटारीनं भाजी आणि दूध मागवलं गेलं होतं. रात्रीच्या चालण्यात उजेड हवा म्हणून एक मजूर डोक्यावर जड गॅसबत्ती घेऊन चालत होता, आणि ‘पुढे चल, लवकर चल’ म्हणून त्याला हाकललं जात होतं. हे गांधींच्या कानावर पडलं. तुकडी स्वतःच्या गरजा कमी करत होती आणि तिच्या सोयीसाठी दुसऱ्याच कोणाचं डोकं वाकत होतं. सभेतलं ते भाषण मऊ नव्हतं. ज्या गरिबांच्या नावानं मीठ उचलायला निघालो त्यांच्या मिळकतीशी आपल्या थाळीचा हिशेब जुळत नाही, असा त्याचा रोख होता. पुढच्या मुक्कामांवर खर्चाला चाप बसला. यात्रा ५ एप्रिलला दांडीला पोचली.

याच तुकडीत भजनांची जबाबदारी होती तासगावच्या नारायण मोरेश्वर खरे यांच्याकडे. विष्णु दिगंबर पलुसकरांचे ते शिष्य, साबरमती आश्रमाचे गायक. मैफलीचा गवई आपली वेळ, आपला राग, आपला श्रोता निवडतो. खरे तंबोरा घेऊन रोज धुळीतून चालले, आणि प्रार्थनेला जे लागेल ते, जमलेल्यांना बरोबर म्हणता येईल अशा चालीत गायले.

पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे जाणारा रस्ता पेण तालुक्याकडे जातो. त्या तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. भूदानासाठी ते १९५१ ते १९६४ देशभर पायी फिरले. पहाटे तीनच्या सुमाराला उठायचं आणि कंदिलाच्या उजेडात चालायला लागायचं, हा शिरस्ता. विनोबा भरभर चालत, आणि बरोबरच्यांना अनेकदा धावल्यासारखं चालावं लागे. इथे वेग ठेक्यानं ठरत नव्हता, एका माणसानं ठरत होता. नागपूरच्या निर्मला देशपांडे, लेखक पु. य. देशपांडे यांच्या कन्या, राज्यशास्त्र शिकलेल्या, १९५२ मध्ये या यात्रेत आल्या आणि वर्षानुवर्षं चालल्या. विनोबांना पोटाच्या अल्सरचा त्रास होता, म्हणून त्यांचा आहार दूध-दह्यासारख्या मोजक्या पदार्थांवर. बाकीचे गावानं दिलेलं खात. विनोबांचं जेवण ही गरज होती, आवड नव्हे. पण पहाटे तीनला उठणं? ती त्यांची आवडच म्हणावी लागेल, जी सगळ्यांची शिस्त झाली. पुढारी जितका मोठा, तितकी त्याची आवड आणि गटाचा नियम यांच्यातली रेघ पुसट होत जाते. विनोबांबद्दल आदर बाळगूनही हे म्हणायला हवं.

याच्या अगदी उलट वागलेला पुढारी दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात सापडतो. अर्नेस्ट शॅकल्टनचं ‘एंड्युरन्स’ जहाज १९१५ मध्ये वेडेल समुद्रात बर्फानं चिरडलं आणि २८ माणसं तरंगत्या बर्फावर राहायला आली. झोपायच्या पिशव्यांपैकी उबदार कातडी पिशव्या होत्या १८, बाकीच्या लोकरीच्या आणि बऱ्याच थंड. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. गंमत अशी की शॅकल्टन आणि बहुतेक अधिकाऱ्यांच्या वाट्याला लोकरीच्याच आल्या. चिठ्ठ्यांत हातचलाखी झाली होती हे एका खलाशाच्याही लक्षात आलं, पण हातचलाखी झाली होती खलाशांच्या बाजूनं. अन्नाच्या वाटणीसाठी त्या काळच्या ध्रुवीय तुकड्यांत आणखी एक रीत होती. वाढणारा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचा, ‘हा कोणाचा?’ आणि पाठ फिरवून बसलेला दुसरा एक नाव घ्यायचा. तुकडा लहान आला तरी दोष नशिबाला, शेजाऱ्याला नाही. भुकेल्या माणसांना एकमेकांच्या ताटाकडे बघायची सवय लागली की मोहीम संपते, हे शॅकल्टनला आधीच्या सफरींतून पुरतं कळलं होतं.

गोव्याच्या रस्त्यावर आणखी एक मोहीम आठवते. तीत बाजूला ठेवायची आवड जेवणाची नव्हती, मतांची होती. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी पोर्तुगीज गोव्यात शिरली. त्यानंतर तुकड्यांमागून तुकड्या गेल्या. समाजवादी मधू लिमये गेले, जनसंघाचे जगन्नाथराव जोशी गेले, कम्युनिस्ट विष्णुपंत चितळे गेले. एरवी एका व्यासपीठावर न बसणारी ही माणसं. बरोबर शस्त्र नाही, हातात तिरंगा. मार पडला तरी हात उचलायचा नाही आणि पळायचं नाही. १५ ऑगस्ट १९५५ च्या मोठ्या सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. पत्रादेवीला पंजाबचे कर्नैल सिंग पडले. तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर हुतात्मा झाले. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, लिमयांना बारा वर्षांची; दोघंही १९५७ मध्ये सुटले. गोवा मोकळा झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. सुटून आल्यावर यातले बहुतेक जण आपापल्या पक्षात, आपापल्या मतांना परत गेले आणि पुढची अनेक वर्षं एकमेकांविरुद्ध बोलत राहिले. मला यात काही खोट दिसत नाही. मत बाजूला ठेवलं होतं, टाकून दिलं नव्हतं.

आळंदीच्या दिंडीकडे परत वळायचं तर तिथे हे बाजूला ठेवणं जिवाशीही येतं. जुना महामार्ग अरुंद आहे आणि बोरघाटात अवजड गाड्या उतरत असतात. दिंडी रस्त्याच्या कडेनं ओळीत ठेवणं, पुढे-मागे पताकेवाला ठेवणं, अंधारात न चालणं, मधेच कोणी ‘मी पुढे होतो, चहा घेतो’ म्हणून सुटू नये हे बघणं, ही सगळी कडक वाटणारी बंधनं त्यासाठी आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये पंढरपूरहून आळंदीला निघालेल्या संत नामदेवांच्या दिंडीत दिवे घाटात एक जेसीबी घुसला आणि त्यात वारकरी मृत्युमुखी पडले. तिथे दोष दिंडीचा नव्हता. पण त्यानंतर रस्त्याच्या बाबतीत विणेकऱ्याचा किंवा दिंडीप्रमुखाचा शब्द मोडायला कोणी सहसा धजत नाही.

समाधी सोहळा झाला, इंद्रायणीत स्नान झालं की दिंडी मोडते. परतीला पायी चालायचं नसतं. कोणी एसटीनं, कोणी ठरवलेल्या टेम्पोनं, कोणी पोराच्या गाडीनं खोपोलीचा घाट उतरतो. परतीच्या प्रवासाला नियम नाहीत, आणि ते लगेच दिसतं. खिडकीच्या जागेवरून कुरबुर होते, लोणावळ्याला चिक्कीसाठी थांबायचं की नाही यावर गाडीत दोन तट पडतात, चार दिवस पंगतीत गप्प बसलेला माणूस ‘मला भजीच पाहिजे’ म्हणून ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावतो. पुढच्या आठवड्यात गावातल्या देवळात भिशीचा हिशेब वाचला जातो: जमा किती, डाळ-तांदूळ किती, टेम्पोचं भाडं, आचाऱ्याची मजुरी, शिल्लक. दरवर्षी कोणीतरी विचारतंच की आमटीत तिखट एवढं का होतं, आणि दरवर्षी तेच ठरतं की पुढच्या वर्षी जिन्नस बदलायचे नाहीत, भिशी तेवढी थोडी वाढवायची.